बेचाळीस साखळ्यांवरचं पाणी

आम्ही चौघं डोंगरात शिरलो ते एका मेलेल्या इंग्रज कप्तानाच्या भरवशावर. जिवंत साहेबांचा भरवसा करून झाला होता. मागच्या महिन्यात दोन जिवंत साहेब भलंमोठं यंत्र घेऊन आवळपाड्यावर आले, दोन भोकं पाडली, दोन्हींतून धूळ निघाली, मग पाड्यावरची कोंबडी खाल्ली आणि कागदावर लिहून गेले की या डोंगरात पाणी नाही. कोंबडीचा कागदावर उल्लेख नाही.

आवळपाडा म्हणजे पालघरच्या पूर्वेच्या डोंगरावरची चौदा घरं. पायथ्यावरून धरणाचं पाणी शहराकडे जातं, माणूस उभा राहील एवढ्या जाड पाइपातून. पाड्यावरची बाई त्या पाइपाला टेकून घाम पुसते आणि दोन मैलांवरच्या डबक्यातून हंडा भरून आणते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात हातोडा होता. पाइप फोडला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता पाड्यालाच उठवायची वेळ आली होती. खाली हमरस्त्याला एका खडीवाल्याने पत्र्याची चाळ बांधली होती आणि तिथे नळ बसवला होता. या, राहा, माझ्या खाणीत काम करा. वर मोकळ्या होणाऱ्या नाचणी-वरईच्या उतारांचं काय करायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. रविवारी सकाळी पाड्याची बैठक होती. सगळे हो म्हणणार होते. आडवी आली ती एकटी जिवली.

"डोंगरात पानी हाय," ती म्हणाली. "मी दाखवते."

पाड्याचा कारभारी भिका तिचा चुलत सासरा. त्याने विडी कानावर ठेवली आणि म्हणाला, "आयतवारपर्यंत दाखव. नाय तर गपगुमान पत्र्यात चल."

म्हणजे हातात तीन दिवस होते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

कप्तान यात कसा आला ते सांगतो. मी चंद्रभान, मूळचा जालन्याकडचा. एकतीस वर्षं बोईसर ते पालघर रुळांवर चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे रोज सकाळी हातोडा घेऊन रुळावरून चालत जाणारा आणि रूळ ठोकून, आवाज ऐकून, कुठे तडा गेलाय ते सांगणारा माणूस. निवृत्तीच्या वर्षी स्टेशनाची जुनी कोठी साफ करून कागद जाळत होते. त्यात चामडी पुठ्ठ्याची एक वही दिसली. चित्रं छान होती म्हणून उचलली. इंग्रजी मला येत नाही, म्हणून ती अकरा वर्षं माझ्या ट्रंकेत पडून होती. पाड्यावर माझं जाणं-येणं होतं; तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या दीपालीबाईंना ती दाखवली, आणि बाईंनी दोन रात्रींत वाचून काढली.

कॅप्टन ऑगस्टस विंटल. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. सतराव्या वर्षी कंपनीच्या फौजेत गेला, सुरुंग खणणाऱ्या आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत. नद्यांवर होड्यांचे पूल टाकले, किल्ल्यांच्या भिंतींखाली बोगदे खणून दारू ठासली, डाव्या हाताची दोन बोटं त्या दारूनेच नेली. पुढे बंडाच्या धामधुमीत त्याला एका गावाच्या विहिरी उडवायचा हुकूम झाला. त्याने वरिष्ठाला कळवलं, दारू ओली आहे. वहीत मात्र लिहिलंय, दारू कोरडी ठणठणीत होती. त्यानंतर त्याने फौज सोडली आणि रेल्वेत आला. या किनाऱ्याच्या चिखलात, खाड्यांत, डासांत त्याने सहा वर्षं रूळ टाकले. मग डोक्यात एक नवी लाइन शिरली, किनाऱ्यावरून थेट डोंगरात. त्याला संत समजू नका. त्याला आमच्या डोंगरातलं सागवान खाली न्यायचं होतं. पण वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, म्हणून त्याने आधी पाणी शोधलं. वहीत शेवटून दुसऱ्या पानावर होतं: 'शेवटच्या दगडापासून लाइनीच्या पट्टीने बेचाळीस साखळ्या. कड्याच्या पोटात बोगदा खणला. बारमाही पाणी. वाट पाड्यावरच्या कवडूने दाखवली.'

पुढे रेल्वे कंपनीने लाइनच रद्द केली. कप्तानाने बोगद्याचं तोंड दगडांनी बुजवलं आणि केळव्याला नारळी-पोफळीत राहायला गेला. तिथेच चार वर्षांनी तापाने वारला, असं शेवटच्या पानावर दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होतं.

"शेवटचा दगड म्हणजे बाण कोरलेला का?" जिवलीने विचारलं होतं. "त्याला तं आमी शेळ्या बांधतो."

गुरुवारी उजाडताच आम्ही त्या दगडाशी उभे होतो. दगड पाड्याच्या वर, हाकेच्या अंतरावर. मी, जिवली, दीपालीबाई आणि विपुल. विपुल चिंचणीचा, बोईसरच्या एका कारखान्यात पाइप जोडतो. पंचवीस किलोचा पाना खांद्यावर घेऊन दिवसभर बोलू शकतो. माझ्या मुलाचा मित्र. त्याला बोलावलं नव्हतं.

"काका, पाणी तुम्ही शोधाल. पण ते खाली कोण आणणार, तुमचा कप्तान?" असं म्हणून तो आपणच आला होता.

सामान होतं दोन पहारी, दोरखंड, कोयता, पाण्याचे दोन कॅन, भाकऱ्या, सुकट आणि माझा हातोडा.

दगडाच्या पुढे डोंगराच्या कुशीत रुळांसाठी कापलेली पट्टी दिसत होती, बैलगाडी जाईल एवढी रुंद. दीडशे वर्षांत करवंदीने ती गिळून टाकली होती. जिवली कोयता चालवत पुढे, तिच्यामागे मी पावलं मोजत.

"काका, साखळी म्हणजे किती हो?" विपुलने विचारलं.

"सहासष्ट फूट. रेल्वेत सगळ्यांना पाठ असतं. माझं पाऊल अडीच फुटांचं. बेचाळीस साखळ्या म्हणजे अकराशे नऊ पावलं."

"अकराशे दहा नाही?"

"नाही."

माझ्या पावलावर मला गर्व होता, तो सांगून टाकलेला बरा. एकतीस वर्षं मी रुळांखालच्या, सारख्या अंतरावरच्या स्लीपरवर पाऊल टाकलं होतं. टेपपट्टी चुकेल, माझं पाऊल चुकणार नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो.

जिवली मध्येच थांबली. "दादा, माझा सासरा मधाला जायचा ना, तो सांगायचा. पुढं माशांचा कडा हाय. तिथं दगडातून गार वारा येते. नि उंबर हायत तीन."

"किती पुढे?"

"खूप पुढं. वाट तुटली हाय मधी. एकटीला जमत नाय."

"मग ते नव्हे," मी म्हणालो. "आपलं ठिकाण अलीकडेच आहे."

ती पुढे वळली. कोयता चालवत राहिली. पाड्यावरच्या बायका शहाण्या माणसाला समजावत बसत नाहीत. त्यांना दुसरी कामं असतात.

अकराशे नववं पाऊल पडलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. समोर काळा कातळ, त्याच्या पायाशी दगडांचा ढीग. बुजवलेलं तोंड असंच दिसतं! मी पहार मारली. विपुलने शर्ट काढला. आम्ही ढीग उपसायला लागलो, आणि उपसतच राहिलो. गुरुवार संपला. पट्टीवरच भाकऱ्या खाल्ल्या, तिथेच आडवे झालो. शुक्रवारी पुन्हा तेच. पुरुषभर खोल गेलो. आत निघाला अखंड कातळ. मी हातोडा मारला. ठण्ण. पोकळीचा मागमूस नाही. एक कॅन रिकामा झाला. विपुलच्या तळहातांना फोड आले आणि त्याचं बोलणंसुद्धा आटलं. तेव्हा मला भीती वाटली.

"दादा," जिवली सावलीत बसून म्हणाली, "हितं उंबर नाय, आळू नाय, हिरवं काय पन नाय. माकडं पन येत नायत. पानी असतं तं माकडं आधी आली असती. त्यांना वही लागत नाय."

दीपालीबाई तोंड वळवून हसल्या. मी पेटलो. काही तरी तिखट बोलणार, एवढ्यात विपुल ओरडला.

"काका, हे बघा!"

ढिगाच्या तळाशी, दोन दगडांच्या फटीत, लोखंडाची एक कांडी अडकली होती. गंजून लाल झालेली, करंगळीएवढी जाड, दोन्ही टोकांना नेढं. एक नेढं तुटलेलं.

"साखळीची कडी आहे," मी म्हणालो. मोजणीची साखळी अशाच लांब कांड्यांची असते. म्हणजे कप्तान इथून गेला होता!

विपुलने खिशातून टेप काढली. फिटर माणूस, हातात लोखंड आलं की मोजणारच. "बारा इंच. बरोब्बर एक फूट."

दीपालीबाईंनी घाईघाईने वही उघडली, पानं उलटली. "थांबा, हे मी वाचलं होतं. 'आज साखळीच्या शंभर कड्यांपैकी एक तुटली आणि हरवली. कवडूने तार वळून तिची जागा भरली. काम थांबलं नाही.'" त्यांनी मान वर केली. "काका, शंभर कड्या. एकेक एक फुटाची. मग साखळी सहासष्ट फुटांची कशी?"

मी त्या कांडीकडे बघत राहिलो. सहासष्ट फुटांच्या साखळीतही शंभरच कड्या असतात, पण एकेक वीतभराहूनही आखूड. ही रेल्वेची साखळी नव्हतीच. माझ्या जुन्या मुकादमाने एकदा सांगितलं होतं, की फौजेतले मोजणीवाले शंभर फुटांची साखळी वापरत. कप्तान फौज सोडून रेल्वेत आला खरा, पण येताना साखळी जुनीच घेऊन आला. आणि मी? रेल्वेत काम करणारा प्रत्येक माणूस माझ्यासारखाच असणार, असं धरून दोन दिवस दगड उपसत बसलो.

"चूक माझी," मी म्हणालो. हे दोन शब्द मला एकतीस वर्षांत फारसे लागले नव्हते. "सोळाशे ऐंशी पावलं पाहिजेत. अजून पाचशे एकाहत्तर आहेत."

"म्हंजे माशांचा कडा," जिवली म्हणाली. ती उठली, लुगड्याची धूळ झटकली. बस, एवढंच. टोमणा मारला असता तर मला हलकं वाटलं असतं.

शनिवारी उजाडताच निघालो. हवा स्वच्छ होती. पट्टीवरून पश्चिमेला थेट समुद्राची रेघ दिसत होती आणि तिच्या अलीकडे तारापूरच्या बाजूचं धुराडं, पेन्सिलीएवढं. त्या धुराड्याच्या गावात रात्री दिव्यांनी दिवस होतो. हे डोंगर मात्र दिवसासुद्धा कुणाला दिसत नाहीत.

तेराशे पावलांवर पट्टी संपली. संपली म्हणजे तुटली! कधीकाळी दरड कोसळून वीसेक फुटांचा तुकडा खाली गेला होता. उरली होती भुसभुशीत मुरमाची घसरण, आणि खाली ऐंशी फूट खोल घळ.

जिवलीने दोरखंडाचं टोक कमरेला बांधलं. चपला काढल्या. "तुमी बूटवाले मागं राहा," म्हणाली आणि निघाली. पायाच्या बोटांनी मुरूम चाचपत, पोट डोंगराला चिकटवून, खेकड्यासारखी आडवी. एकदा तिच्या टाचेखालचे खडे सुटले आणि कितीतरी वेळ खाली आपटत राहिले. ती थांबली, शांतपणे पाऊल बदललं. पलीकडे पोचून तिने दोर एका सागाला बांधला. अलीकडचं टोक आम्ही कातळाला गुंडाळलं.

दीपालीबाई गेल्या. विपुल गेला. शेवटी मी. निम्म्यात आलो आणि उजवा बूट घसरला! दोन्ही पाय हवेत. दोर तळहातांतून सरकला, आग झाली. पाठीवरचा कॅन सुटला, आपटत आपटत खाली गेला आणि फुटला. मी लोंबकळत होतो. वय एकसष्ट... नाही, खोटं का बोलू, निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली, वय एकाहत्तर.

"काका, खाली बघू नका!" विपुल.

"खाली कशाला बघू, पाणी गेलं ते दिसलं मला!"

तिघांनी मला गव्हाच्या पोत्यासारखं ओढून घेतलं. जिवलीने माझे हात पाहिले, कुठलासा पाला चुरगळून तळव्यांवर दाबला. "दादा, बूट काढा आता," एवढंच म्हणाली. मी काढले.

पाण्याचा थेंब जवळ नव्हता. मागे जायचं तर पाड्यापर्यंत कोरड्या घशाने. पुढे तीनशे ऐंशी पावलं.

माशांचा कडा आला. उंच, पुढे झुकलेला, आणि त्याच्या कपाळावर आग्या मोहोळाची सुपाएवढी पोळी, एकाशेजारी एक, सात. सगळा कडा गुणगुणत होता. खाली, अगदी पायथ्याशी, हिरवेगार तीन उंबर!

"बोलायचं नाय. पळायचं नाय. हात हलवायचे नाय," जिवली कुजबुजली. "अंगाला वास नसला तं माशी काय करत नाय."

विपुलचा चेहरा पांढरा पडला.

"काय रे?" मी.

"सकाळी... थोडा सेंटचा फवारा मारला," तो म्हणाला. "तीन दिवस अंघोळ नाही काका. बाई सोबत आहेत. बरं दिसत नाही ना."

जिवलीने त्याच्या जवळ जाऊन हुंगलं आणि कपाळावर हात मारला. तेवढ्यात पहिली माशी आली. मग दुसरी. मग वरच्या एका पोळ्यावरून काळी लाट हलल्यासारखी झाली.

"धाव!"

न पळण्याचा नियम तिनेच केला, तिनेच मोडला. आम्ही सुटलो. काट्यांतून, दगडांवरून, अनवाणी मी, सगळ्यांत पुढे विपुल! उंबरांच्या मागे दगडांची एक कपार होती. जिवलीने आम्हाला तिच्यात कोंबलं, पांघरायची चादर तोंडावर ओढून धरली आणि तिच्या कडा दगडांनी दाबल्या. बाहेर घोंगावणं, आत चौघांचे श्वास.

"किती चावल्या?" बऱ्याच वेळाने दीपालीबाईंनी विचारलं.

"अकरा," विपुल म्हणाला. त्याचा एक डोळा मिटला होता, कान भज्यासारखा फुगला होता. "अकरा की बारा, काकांना विचारा. ते मोजण्यात हुशार आहेत."

त्या कपारीत कोंबलेले असताना आम्ही जे हसलो, तसं मी पुन्हा हसलेलो नाही. आणि हसता हसता जिवलीने पाठीमागे हात घातला.

"पाठीला गार लागते," ती म्हणाली.

माझ्याही पाठीला लागत होतं. आम्ही ज्या दगडांना टेकलो होतो ते कातळ नव्हते. रचलेले होते. फटींतून गार वारा येत होता, पावसाळी मातीच्या वासाचा.

माशा शांत झाल्या तशी आम्ही रचाई सोडवली. एकेक दगड हातोहात, आवाज न करता. तासाभरात माणूस सरपटत जाईल एवढं भोक झालं. आत बोगदा. छिन्नीचे घाव अजून ताजे दिसत होते. किल्ल्याखाली दारू ठासायला खणतात तस्साच अरुंद. जन्मभर भिंती पाडायला बोगदे खणणाऱ्या माणसाने हा एक पाण्यासाठी खणला होता.

सगळ्यांत बारीक दीपालीबाई. विजेरी दातांत धरून आणि दोर घेऊन त्या आत सरपटल्या. सात-आठ फुटांवरून त्यांचा आवाज आला.

"बांधीव भिंत आहे. ओली आहे! खाली लाकडी बूच ठोकलंय, लोखंडी कडीचं."

"कडीत दोर बांधा आणि मागे या."

"बांधला. काका... इथे पेटी आहे. पितळी कोपऱ्यांची. वर नाव कोरलंय. विंटल."

वहीत कप्तानाने लिहिलं होतं की आपलं दुर्बीण बसवलेलं मोजणीचं पितळी यंत्र तो बोगद्यातच ठेवून गेला. ज्या लाइनसाठी आणलं ती मेली, तर यंत्रही तिथेच राहू दे. दीपालीबाई गेले तीन दिवस त्या यंत्राबद्दल बोलत होत्या. शाळेत ठेवायचं, मुलांना त्यातून समुद्र दाखवायचा.

"हलत नाही," आतून आवाज आला. "वरची शिळा खाली बसलीय पेटीवर. जरा ओढलं तर निघेल."

"थांबा!" मी खांद्यापर्यंत आत शिरलो आणि हातोड्याने छत ठोकलं. ठण्ण. पुढे ठोकलं. ठण्ण. हात लांबवून तिसऱ्यांदा ठोकलं. थड.

हा आवाज मला झोपेतही कळतो. थड म्हणजे तडा. या आवाजावर मी लाल झेंडा दाखवून गाड्या थांबवल्या आहेत.

"बाई, पेटी सोडा. ती शिळा पेटीवर उभी आहे. पेटी निघाली की शिळा तुमच्यावर."

"काका, फक्त एकदा—"

"बाई," जिवली माझ्या खांद्यावरून आत ओरडली, "पोरांना शिकवाया तुमी पाहिजे. पेटी नको."

मग सरपटण्याचा आवाज, आणि मातीने माखलेली बाई बाहेर आली. डोळ्यांत पाणी होतं. पण रिकाम्या हातांनी आली, आणि तीन दिवसांत कुणी केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच होतं.

मग आम्ही दोर धरला. चौघं, बोगद्याच्या तोंडापासून बाजूला. एक, दोन, हेईसा! काही नाही. हेईसा! माझे सोललेले तळवे पेटले. हेईसा! आत काही तरी कुरकुरलं. विपुलने फुगलेल्या कानासकट मान खाली घातली आणि बैलासारखा रेटा दिला.

फट्ट! आम्ही चौघं उताणे पडलो. आतून गडगडाट झाला आणि बोगद्यातून लाल पाण्याचा लोंढा उसळला! दगड, चिखल, लाकूड, सगळं घेऊन. उंबराच्या बुंध्यावर आपटून तो दोन्हीकडे फुटला. पाठोपाठ जमीन हादरली. धड्डाम! शिळा बसली.

आणि पाणी थांबलं.

बोगद्याच्या तोंडातून नुसती धूळ येत होती. आमच्या पायांखाली चिखल, बस. विपुलने माझ्याकडे पाहिलं, मी जिवलीकडे. ती चिखलातच गुडघ्यांवर बसली होती. चौदा घरं तिच्या पाठीवर होती. तिने वाकून बोगद्याच्या उंबऱ्यावर हात ठेवला. ठेवूनच राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "दगडांना पान्याची वाट कळाया येळ लागते."

मीही हातोडा उंबऱ्यावर टेकवला आणि दांड्याला कान लावला. आधी काहीच नाही. मग लांबून, गाडी यायच्या आधी रूळ बोलतो तसं, बारीक, सलग.

"येतंय," मी म्हणालो.

शिळेच्या खालून, बाजूच्या फटींतून, आधी बोटभर, मग मनगटाएवढी धार आली. लाल, मग पिवळी, मग स्वच्छ. जिवलीने ओंजळ धरली. आधी उंबराच्या मुळाशी थोडं सोडलं, मग दीपालीबाईंना दिलं, मग विपुलला, मग मला. शेवटी ती स्वतः प्यायली, आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ बसली.

रविवारी सकाळी बैठकीला खडीवाल्याची जीप उभी होती, मागे सामान न्यायला टेम्पो. जिवली डोक्यावर उरलेला कॅन भरून घेऊन आली आणि तो भिकासमोर ठेवला. भिकाने पेलाभर प्यायलं. मग अजून एक.

"गोडं हाय," तो म्हणाला. "पन माशा, तुटका कडा... तिथून रोज भरनार कोन?"

खडीवाला हसला. तो चुकीच्या वेळी हसला.

"कुणीच नाही," दीपालीबाई म्हणाल्या आणि वही उघडली. "'पट्टीला उतार दोनशे फुटांस एक फूट, बोगद्याकडून दगडाकडे. इंजिनाचं पाणी याच पट्टीने आपोआप उतरेल.'"

"म्हणजे आगगाडीला लागतो तो उतार पाण्यालाही पुरतो," मी म्हणालो. "पट्टी कापून ठेवलेलीच आहे. नुसता पाइप टाकायचा."

"कारखान्यात काळा पाइप बाद करून ठेवलाय," विपुल म्हणाला. "साहेबाला विचारून आणतो. माझं तोंड बघून नाही म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही."

भिकाने कानावरची विडी काढली, पेटवली आणि टेम्पोवाल्याकडे बघून म्हणाला, "तू जा बाबा. आमाला खड्डे खणायचे हायत."

अकरा दिवसांत चौदा घरांनी पाइप टाकला, तुटक्या जागी दोन दोर बांधून तो झुलता ठेवला. बाण कोरलेल्या दगडाशी पाणी पडलं तेव्हा जिवलीच्या शेळ्या आधी पळाल्या, मग परत येऊन प्यायल्या. कप्तानाला वाट दाखवणाऱ्या कवडूचं नाव त्या दगडावर घालावं असं दीपालीबाईंनी सुचवलं. भिका म्हणाला, "कुठला कवडू? पाड्यातच तिघं हायत." मग तिघांच्या वतीने एकदाच घातलं.

पुढच्या महिन्यात ते दोन साहेब परत आले, फीत आणि फोटोवाला घेऊन. त्यांना पाण्याचं मूळ बघायचं होतं. जिवलीने थोरल्या साहेबाला स्पष्ट सांगितलं, "साहेब, तुमच्या अंगाला वास येते. तुमी फुडं जाऊ नका. माशा हायत."

"बाई, आम्ही सर्व्हेवाले आहोत," साहेब म्हणाले.

आम्ही वाट सोडून उभे राहिलो. ते गेले त्याच्या चौपट वेगाने आले. फोटोवाल्याने तेवढाच फोटो चांगला काढला.

मी आता महिन्यातून एकदा पाड्यावर जातो. हातोडा घेऊन पट्टीने चालतो, अनवाणी, आणि जागोजागी पाइप ठोकून ऐकतो. दगडापासून मुळापर्यंत बेचाळीस साखळ्या. फौजेच्या.